एकेचाळिसावं पाकीट

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी ही वही वाचलीच तर शुद्धलेखनाला हसू नये, माफ करावं. आकडे मात्र बरोबर आहेत. ते मी तीनदा मोजलेत.

मी पोह्याचे पापड करते. कासूला आमच्या पडवीत शेजारच्या दोघी आणि मी, तिघी मिळून लाटतो. आधी पेणच्या दुकानदाराला द्यायचो. रोह्याला माझी नणंद राहते, ती शाळेत शिकवते. तिने मोबाइलवर खातं उघडलं आणि आमचे पापड ऑनलाइन विकायला लावले. माल आधीच कंपनीच्या गोदामात पाठवायचा, गिऱ्हाइकाने मागवला की कंपनी तिथून पोचवते. लिहिणं-वाचणं वन्सं बघायच्या, लाटणं, वजन, पॅकिंग माझं. मला हे बरं वाटलं. दुकानदारासमोर उभं राहून भाव बोलायला मला फार जड जायचं. घरात पाहुणे आले तरी मी चहा ठेवून आत जाते.

उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही पाच बॉक्स पाठवले. दोनशे पाकिटं, नव्वद रुपयांनी अठरा हजार. त्या पैशांतून पुढच्या हंगामाचे पोहे घ्यायचे होते आणि दोघींची मजुरी द्यायची होती. वाहतूकवाला पेणहून गाडी घेऊन आला, बॉक्स वजन करून नेले, पावती दिली.

महिना गेला तरी खात्यात त्या पाकिटांचा पत्ता नव्हता. वन्सं म्हणाल्या, गोदामात आलेच नाहीत असं दिसतंय. त्यांनी तक्रार टाकली. चार दिवसांनी उत्तर आलं, तुमच्या यादीचं वजन आणि वाहतुकीच्या पावतीचं वजन जुळत नाही, सबब पैसे देता येत नाहीत.

माझे मालक डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर शिफ्टला जातात. ते म्हणाले, आता नाद सोड, पुन्हा पेणला दे. शेजारणींपैकी मोठी आहे, तिला बोलायला कुणी लागत नाही. ती म्हणाली, "कंपनीनं तळून खाल्ले असतील गो. तेलाचा खर्च तरी मागून घे." हसलो सगळ्या, पण तिच्याही मजुरीचे पैसे त्यातच होते.

मी पावती घेऊन बसले. यादीत चाळीस पाकिटांचा एक बॉक्स. पाव किलोचं पाकीट म्हणजे दहा किलो, वर रिकाम्या बॉक्सचे सहाशे ग्रॅम. पाच बॉक्सचे त्रेपन्न किलो व्हायला हवे. पावतीवर सव्वा चौपन्न. सव्वा किलो जास्त. सव्वा किलो म्हणजे पाच पाकिटं, आणि ती कुठून आली ते मला लगेच कळलं.

आमच्यात पापड मोजून देताना वर एक द्यायची रीत आहे. पापड मोडतोच, घेणाऱ्याला कमी पडू नये. सासूबाईंनी मला तसंच शिकवलं. मी प्रत्येक बॉक्समध्ये चाळीस पाकिटं भरून वर एक ठेवलं होतं. विकायची चाळीसच, म्हणून वन्संना चाळीस सांगितलं. वरच्याचं कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कासूहून गाडी पकडून रोह्याला गेले आणि वन्संना सांगितलं. वन्संनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "वहिनी, हे कुणाला सांगू नका. बॉक्सच जाड होते असं सांगू." त्यांनी कंपनीला फोन लावला, थोडं बोलल्या आणि पलीकडच्या मुलीने माल भरणाऱ्या बाईंशीच बोलायचं म्हटलं. फोन माझ्या हातात आला.

"मॅडम, एका बॉक्समध्ये चाळीस पाकिटं होती ना?"

वन्सं समोरून मान हलवत होत्या, हो म्हणा.

मी म्हटलं, "नाय. एकेचाळीस."

"मग यादीत चाळीस का?"

"चाळीस इकायची. एक वरची. मोडलं तर तुमच्या गिऱ्हाइकाला कमी पडू नये म्हणून." नंतर मी सगळं वजन सांगितलं, पाकिटाचं, बॉक्सचं, पाचांचं. एवढं एका दमात मी आयुष्यात बोलले नव्हते. "तुमी मांडून बघा. सव्वा चौपन्नच येतंय."

त्या मुलीने शोधून सांगितलं की बॉक्स गोदामाच्या दारातून आत आले होते. उघडून मोजल्यावर प्रत्येकात एक पाकीट जास्त निघालं म्हणून ते बाजूला ठेवले, आणि त्यापुढे त्यांची कुठे नोंदच नाही. बाजूला ठेवून विसरले होते. तिने हेच लिहून पावतीसोबत पाठवायला सांगितलं. वन्संनी लिहिलं, मी सांगत गेले. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "शाळेत मी मुलांना खरं बोला सांगते," आणि स्वतःच हसायला लागल्या.

आठ दिवसांनी पैसे आले, पण दहा हजार आठशे. तीन बॉक्सचे. वन्सं म्हणाल्या, मिळाले ते घ्या, आता वाद नको. मला ते पटलं नाही. यावेळी मीच म्हटलं, फोन लावा. कुणी दुसराच माणूस बोलत होता. त्याला मी विचारलं, "पाच बॉक्स एकाच पावतीवर, एकाच दारातून आत गेले, एकाच कारणानं बाजूला ठेवले. मग तिनाचे पैसे दिले नि दोनाचे नाय, असं कसं?" त्याने बघतो म्हटलं. मी म्हटलं, बघा, मी फोन धरून हाय. त्याने खरंच बघितलं. उरलेल्या दोन बॉक्सची नोंद करायची राहिली होती.

आता यादीत मी एकेचाळीस लिहायला सांगते आणि किंमत चाळिसाचीच लावते. वन्संना तो हिशेब विचित्र वाटतो. मला वाटत नाही.

सोमवारी पेणला बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं. आधीचे दहा हजार आठशे होतेच, त्याखाली सात हजार दोनशे छापून आले. तिथेच बाकावर बसून बेरीज केली. अठरा हजार, पूर्ण.