‘कुणीच पडलं नाही’ म्हणणारी शैलाताई

शैलाताईच्या नवऱ्याचा, दिलीपभाऊजींचा, फोन आला तेव्हा मी उ-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत होते, दुपारच्या शिफ्टला निघालेली. “वृषाली, शैला गेली,” एवढंच म्हणाले. पुढे त्यांना बोलवेना. सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्यापाशी कोसळली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, हे नंतर त्यांच्या भावाने सांगितलं. मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. उतरायचं स्टेशन मागे गेलं तरी कळलं नाही. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता श्लिष्टुंगमध्ये, त्या लवादापुढे, कोण बोलणार? माझं हे असंच आहे, दुःखाच्याही आधी भीतीच दार ठोठावते. शैलाताई म्हणायचीच, “वृषे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तुझ्यापाठी तर त्यांची अख्खी वरात आहे!”

आम्ही दोघी न्युरेम्बर्गमधल्या एका वृद्धाश्रमात नर्स. ती सोलापूरची, मी सांगलीची. ती माझ्या कितीतरी आधी इथे आलेली, तिला कायमचा परवानाही मिळालेला होता. माझा परवाना मात्र अजून या नोकरीलाच बांधलेला. नोकरी गेली की इथलं राहणंच धोक्यात. नवी होते तेव्हा मला जर्मन बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. कुणी काही विचारलं की नुसतं “या, या, गेनाऊ”, म्हणजे ‘हो, हो, बरोबर’, म्हणायचे आणि पळायचे. शैलाताईने मला तिच्यासोबत खोल्याखोल्यांतून फिरवलं. कुठल्या आजीला कुठल्या कुशीवर झोप लागते, कुणाला आधी चष्मा द्यायचा आणि मग गुड मॉर्निंग म्हणायचं, सगळं दाखवलं. नव्वदीच्या जर्मन म्हाताऱ्यांना ती खुशाल “अहो आजोबा” म्हणायची आणि तेही ओ द्यायचे. घरी तिची मुलं मराठीला जर्मनमधून उत्तर द्यायची, त्यावर ती म्हणायची, “माझं मराठी ऐकणारे सगळे तिसऱ्या मजल्यावर राहतात बाई.”

त्या तिसऱ्या मजल्यावर पुष्कळदा शिफ्टला एकटीच नर्स असायची. उचलायचं यंत्र होतं, पण ते दोघींनी चालवायचं असा नियम. दुसरी नसेल तर काय करायचं, याला नियम नव्हता. म्हणून आम्ही हातांनीच उचलायचो. एकदा मी दुपारी कामावर आले तर न्हाणीघरातून तिचा आवाज, “अगं, इकडे ये, घाबरू नकोस.” असं कुणी म्हटलं की मी आधी घाबरते. आत पाहते तर शैलाताई फरशीवर भिंतीला टेकून बसलेली आणि तिच्या मांडीवर आमचे बेकर आजोबा, तेही चांगले धिप्पाड. आजोबांचा पाय घसरला होता आणि ही त्यांच्याखाली गेली होती. आजोबांना ओरखडासुद्धा नाही. हिचा उजवा खांदा मात्र त्या दिवसापासून कायमचा दुखरा झाला. “कुणाला बोलू नकोस हं,” ती हसत म्हणाली, “पडले नाहीत ते, बसलेत.” कामाला नालायक ठरवून आपल्याला ऑफिसातल्या खुर्चीवर बसवतील, याची तिला धास्ती होती. त्या एकाच गोष्टीला ती घाबरायची. मी तोंड शिवून घेतलं, कारण तोवर उचलून उचलून माझाही डावा खांदा गेलेला होता, तिच्या उजव्यासारखाच.

मग युनियनने मागणी केली की कुठल्याही मजल्यावर, कुठल्याही शिफ्टला, एकटी नर्स नको. आश्रम चालतो शहराच्या पैशावर. व्यवस्थापन म्हणालं, तेवढ्या पैशात हे बसत नाही. बोलणी फिसकटली. आता संप करायचा, तर आजोबांना भरवायचं कोणी? आमच्यातल्या एकीचीही तयारी होईना. शेवटी प्रकरण श्लिष्टुंगकडे गेलं, म्हणजे लवादाकडे. एक निवृत्त न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे सदस्य, आणि जो निवाडा होईल तो दोघांनी मानायचा. पण निवाडा कशावरून करायचा, यावरच खरा वाद. व्यवस्थापनाचं म्हणणं, शहराच्याच पैशावर चालणाऱ्या इतर आश्रमांत काय आहे ते पाहा, आणि एकटीमुळे कुणाला इजा झाली का ते पाहा. आमच्या बाजूने लढणारी सहकारी नर्स पेट्रा म्हणत होती, काम काय आहे ते पाहा. साक्षीला कोण जाणार? शैलाताईने हात वर केला. डावा.

मी तिच्यासोबत गेले होते, मागे भिंतीपाशी बसले होते. न्यायाधीश भले गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, “तुम्ही एकट्या असताना कुणी रहिवासी पडला का?” शैलाताई ताठ झाली. “नाही. माझ्या हातून आजवर कुणीच पडलं नाही.” वर हेही सांगितलं की सगळ्यांच्या आंघोळी वेळेत होतात, कुणाला जखम नाही, कुणी उपाशी नाही. व्यवस्थापनाचे वकील मान हलवत लिहून घेत होते. आपल्याकडे नर्सला कुणी तिच्या वॉर्डाबद्दल विचारलं तर ती दुसरं काय सांगणार? आपल्याच हाताला कोण नावं ठेवतं? बाहेर आल्यावर पेट्रा जिन्यातच थांबली. “शैला, इतकं छान काम एकटीने होतं, तर दुसरी कशाला, हेच तू त्यांना सांगून आलीस.” शैलाताईचा चेहरा पांढरा पडला. घरी परतताना ती सारखी म्हणत होती, “मग काय पाडायचं होतं का त्यांना? सांग ना, पाडायचं होतं?”

पुढच्या बैठकीत खांद्याचं सांगायचं, असं तिने ठरवलं. स्वतःहून मला म्हणाली, “तुझं नाव नाही घेणार, जीव टांगणीला लावू नकोस.” ती बैठक यायच्या आधीच ती गेली.

त्यानंतरचे दिवस माझे मलाच ठाऊक. पेट्राने विचारलं, तिच्या जागी साक्षीला येशील? मी हो म्हटलं आणि घरी येऊन उलटी केली. आमचे हे म्हणाले, “हे बघ, तू खांद्याचं बोललीस तर कामाला लायक नाही म्हणतील. मग परवान्याचं काय?” मी म्हटलं, “अहो, हेच मी रोज स्वतःला सांगतेय, तुम्ही आणखी कशाला सांगता!” पण न जाऊन काय झालं असतं? शैलाताईचं ते एकच उत्तर तसंच उरलं असतं. कुणीच पडलं नाही... आणि त्या उत्तरापायी तिच्या जागी येणारी प्रत्येक बाई एकटी राहिली असती.

त्या खोलीत माझी पाचावर धारण बसली होती. समोर आमच्या संचालिकाबाई. न्यायाधीशांनी तोच प्रश्न विचारला, त्याच मऊ आवाजात. जर्मन सगळं डोक्यातून उडालं होतं, जेवढं उरलं तेवढ्यात बोलले. “नाही, कुणी रहिवासी पडला नाही. कारण खाली आम्ही होतो.”

“आम्ही म्हणजे?”

“शैला. आणि मी.” मग मी डावा हात वर करायला गेले. तो खांद्याच्या वर जात नाही. तिथेच थांबला, थरथरत... आणि सगळे बघत राहिले. संचालिकाबाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

निवाडा गेल्या आठवड्यात आला. इतर आश्रमांत काय आहे हा एकमेव निकष नाही, काम कोणाच्या शरीरावर पडतं हेही पाहावं लागेल, असं त्यात आहे. तिसऱ्या मजल्यावर आता प्रत्येक शिफ्टला दोघी. पेट्राने मला मिठी मारली. त्याच दिवशी संचालिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावून अगदी सौजन्याने सांगितलं, कामाला लायक आहे की नाही ते ठरवायला कामगारांच्या डॉक्टरकडे तपासणीला जायचं, गुरुवारी. दोघींची जागा झाली, पण त्या दोघींत मी असेन की नाही, कोण जाणे.

एक गोष्ट सांगायची राहिली. शैलाताई एकटी असली तरी पेशंटला उचलताना पलंगाच्या पलीकडे बघून म्हणायची, “हं, धर गं.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, पलीकडे कुणीच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “अगं, म्हटलं की जरा हलकं वाटतं.” काल बेकर आजोबांना उठवायचं होतं. पलीकडे पेट्रा उभी होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “हं, धर गं.” पेट्राला मराठीचं अक्षर कळत नाही, पण तिने धरलं. आजोबा वर आले, किती हलके... आणि मला तिथेच रडू फुटलं. शैलाताई, गुरुवारची फार भीती वाटतेय गं.