ओल्या रंगावर कसलेले नट

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. सकाळी सहा पन्नासला केतकीचा फोन आला.

"काका, मी टी. नरसीपूरच्या रस्त्यावर आहे. पुढचं चाक हलायला लागलं म्हणून थांबले. नट चक्क बोटाने फिरतायत! कुणीतरी मुद्दाम ढिले केलेत."

केतकी कुलकर्णी आमच्या शेजारी राहते. नोकरीसाठी पुण्याहून म्हैसूरला आली आणि हौसेने एक जुनी गाडी घेऊन बसली. दोन दारांची, इवलीशी, तिच्या वडिलांच्या वयाची. प्रत्येक चाकाला चार नट. मी फौजेतला निवृत्त हवालदार, गाड्यांचा मेकॅनिक. आमचं घराणं रंगाऱ्यांचं, कैक पिढ्या म्हैसुरातच. घरी आम्ही बोलतो ती मराठी केतकीला निम्मी कन्नड वाटते. लिहिण्याजोगी मराठी मला पलटणीने शिकवली. स्वभाव मात्र पहिल्यापासून संशयी. गॅसचं बटण मी तीनदा तपासतो आणि बायको रोज चिडते. फौजेने बावीस वर्षं मला याच स्वभावाचा पगार दिला, तो आता जाणार कुठे?

सात वीसला स्कूटरवरून पोचलो. सोबत टॉर्क रेंच घेतला होता. ठरवलेला जोर लागला की टक् असा आवाज देणारा हा पाना.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"महादेववर. दुसरं कोण असणार? आयुधपूजेच्या आदल्या दिवशी त्यानेच चाकं बसवली. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गॅरेजला देणार असं मी म्हटलं होतं, त्याचा राग काढला. मी आता सरळ पोलीस ठाण्यात जाते."

"सुम्ने, उगाच पोलीस कशाला? स्वल्प थांब की. आधी चाक बघू दे."

खरं सांगायचं तर माझाही पहिला संशय महादेववरच गेला होता. त्याला फोन केला, म्हटलं लगेच ये. पंचवीस मिनिटांत तो आला. केतकीच्या तोंडून पोलीस हा शब्द ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याशी कन्नडमध्ये बोलला. म्हणाला, "सार, मी सगळे नट नीट कसले होते. गॅरेजवर पोलीस आले तर त्यानंतर गल्लीत मला गाडी कोण देईल?"

मी चारही चाकं तपासली. सोळाच्या सोळा नट ढिले, आणि सारखेच ढिले. डाव साधणारा माणूस एक चाक ढिलं करून पळतो, सोळा नटांवर वेळ घालवत नाही. मग एक नट पूर्ण काढला. चाकाच्या ज्या वाटीत नटाचं निमुळतं तोंड बसतं, तिथे लाल रंगाचा जाड थर होता. पोळीच्या कडेने पुरण यावं तसा तो नटाखालून दबून बाहेर आला होता. नख लावलं तर निघाला. असा थर चालत्या गाडीत दबत जातो आणि कसलेला नट आपोआप ढिला पडतो.

"रंग कधी दिला?"

"त्याच दिवशी सकाळी, सार. मी म्हटलं, 'नाळे बन्नि.' उद्या या, रंग वाळू दे. मॅडम म्हणाल्या, पूजेला गाडी दारात पाहिजे."

मी केतकीकडे पाहिलं.

"म्हणाला होता तो," ती हळू आवाजात म्हणाली.

आयुधपूजेला म्हैसुरात सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना अंघोळ, हळदकुंकू आणि झेंडूची माळ. फौजेतही असा एक सण असतो, त्याला इन्स्पेक्शन म्हणतात. जनरलसाहेब येणार म्हटलं की दगडांना चुना, झाडांना गेरू, गाड्यांच्या चाकांना रंग. आमची युनिट तेव्हा उत्तरेत डोंगरात होती आणि मी नायक या हुद्द्यावर होतो. इन्स्पेक्शन सकाळी नऊला. आदल्या दुपारी मी सहा वनटन ट्रकांची चाकं उतरवून रंगवायला लावली आणि पाच वाजता परत चढवली. हुकूम माझा होता. जनरलसाहेब खूश झाले, मला शाबासकी मिळाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कॉन्व्हॉय रसद घेऊन निघणार होता. सहा वाजता लान्स नायक दत्ताराम साळवी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ड्रायव्हर, चिपळूणकडचा, हडकुळा, कमी बोलणारा.

"उस्ताद, माझ्या गाडीचे नट ढिले होतायत. काल कसले, आज परत तेच. गाडी आज नको."

बहिणीच्या लग्नासाठी मागितलेली त्याची सुट्टी आठवड्यापूर्वीच रद्द झाली होती. मला वाटलं, हा काम टाळतोय.

"नट ढिले होतायत की तू करतोयस?"

 शेजारी चारपाच जवान उभे होते, सगळ्यांनी ऐकलं. मी पाना घेतला, त्याच्या गाडीचे सगळे नट स्वतः कसले. एकही काढून खाली काय आहे ते बघितलं नाही. मी नटाकडे नाही, साळवीच्या तोंडाकडे बघत होतो.

"गाडी फिट आहे. जा."

"जी, उस्ताद."

सात चाळीसला वायरलेसवर आवाज आला.

"व्हेइकल तीन रस्त्याखाली. ओव्हर."

"ड्रायव्हर? ओव्हर."



"ड्रायव्हर राहिला नाही. ओव्हर."

उतारावर पुढचं डावं चाक निघून गेलं होतं. मागे बसलेल्या दोघांना साळवीने ओरडून उड्या मारायला लावल्या, ते वाचले. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने उरलेल्या पाच गाड्यांचे नट काढले. सगळ्यांखाली तोच थर निघाला. माझ्या रेकॉर्डवर लाल शाईची नोंद झाली आणि नोकरी टिकली.

हे मी रस्त्यावर कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "ठाण्यात जायचं नाही. घाई तुझी होती आणि त्या घाईला हो म्हणाला हा. थिनर कुठे मिळेल ते बघा दोघं." महादेवच्या पेटीत थिनर होता. एकेक चाक उतरवून वाट्या खरवडल्या, धातू उघडा केला. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने कोरडे साफ केले. तिथे तेल लावायचं नाही. निमुळतं तोंड चाकाकडे करून नट आधी हाताने फिरवले, मग समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन. गाडी जॅकवरून उतरवली आणि टॉर्क रेंच केतकीच्या हातात दिला.

"याच क्रमाने. टक् झालं की थांब. ट्रकची ताकद लावू नकोस, बोल्ट ताणला जाईल. पन्नास किलोमीटरनंतर परत तपास."

सोळा वेळा टक् झालं. नऊ पस्तीस वाजले होते.

"सॉरी, महादेवण्णा," केतकी म्हणाली.

"परवागिल्ला, काही हरकत नाही, मॅडम," तो म्हणाला आणि पाने पेटीत भरू लागला.

"काका, तुम्हाला लगेच कसं कळलं?"

"एका ड्रायव्हरने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

 साळवीच्या घरी कर्तव्यावर अपघाती मृत्यू असं कळवलं गेलं. युनिटमध्ये मात्र माझं त्या सकाळचं वाक्य तोंडोतोंडी फिरत राहिलं, की सुट्टी गेली म्हणून हाच नट ढिले करायचा. इन्क्वायरीनंतरही ते पुसायला मी कुणापुढे उभा राहिलो नाही. त्याच्या गावी गेलो नाही. लाज वाटत होती, अजून वाटते. म्हणून इथे लिहितो. लान्स नायक दत्ताराम साळवी कामचुकार नव्हता. तो खरं बोलत होता, आणि मी त्याला घाटात पाठवलं.