घाणगाडीची घंटी

"वाक. आणखी वाक. मान बैलाइतकी खाली घे," मालक ओट्यावरून ओरडत होते. "बैल मुका झाला न्हवं? मंग आता तू वाज."

मी वाकलो. त्यांच्या गड्यानं बैलाची पितळी घंटी सुतळीत ओवून माझ्या गळ्यात बांधली. गाठ मारताना बोटं माझ्या कातडीला लागू नयेत म्हणून त्यानं जी कसरत केली, ती सर्कशीतल्यालाही जमली नसती. मालकांच्या पोरीला बघायला आलेले पाहुणे ओट्यावर बसले होते. नाकाला धोतराचे सोगे. पुढ्यात सोललेली मोसंबी.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेत मी घाणगाडीवर होतो. कत्तलखान्यातली आतडी, पोटातला चोथा, खूर, शिंगं, राखेत कालवून गोठवलेलं रक्त. सगळं छकड्यात भरायचं, वर ओली पोती टाकायची आणि पेठेतून गावाबाहेरच्या खड्ड्यावर न्यायचं. खड्ड्यात एक थर आतड्यांचा, एक चुन्याचा, एक मातीचा. चुन्यात हात आखडला की कुत्री उकरून आतडी गावभर मिरवायची. कुजून जे खत व्हायचं ते मालकांच्या मोसंबीला जायचं. मालक म्हणजे नगरपालिकेच्या आरोग्य समितीचे सभापती. शाळेच्या कमिटीवरही तेच.

वास म्हणाल तर परतूरला रेल्वेत बसलेला माणूस खिडकी लावून घ्यायचा. कावळा छकड्यावरून जाताना एका पंखानं उडायचा, दुसऱ्यानं नाक दाबायचा. मागं माशांची एवढी मिरवणूक, की माशांना मत असतं तर सभापती मीच झालो असतो.

गावाचा नेम होता. घाणगाडीला घंटी पाहिजे. घंटी ऐकली की बायका दारं लोटायच्या, हॉटेलवाला जिलबीवर पेपर टाकायचा, रस्त्यावरचे सगळे नाक धरून भिंतीकडं तोंड करायचे. गाडी पुढं गेली की गाव पुन्हा चालू. मी त्याचीही फुशारकी मारायचो. निजामाची स्वारी आली तरी एवढ्या माना वळल्या न्हाईत, म्हणायचो. लोक हसायचे. मीही.

माझ्या बापानं धम्म घेतला तेव्हा मेलं ढोर ओढायचं सोडलं. मार खाल्ला, तरी सोडलं. मी मात्र सांगत फिरायचो, हे गावकीचं काम न्हाई, नोकरी हाय. खाकी कपडे हायेत.

त्या दिवशी रक्तानं भिजून कुजलेला घंटीचा पट्टा गाडी भरतानाच तुटला. कत्तलखान्यातले म्हातारे चाचा म्हणाले, "बेटा, पहले घंटी बांध ले."

"चाचा, हा वास काय मुका हाय का?" मी म्हणालो.

ऊन तापलं होतं. माल नासत चालला होता. घंटी छकड्यात टाकली अन् निघालो. मालकांच्या दारापुढं पोचलो तेव्हा पाहुण्यांच्या तोंडात मोसंबीची फोड होती. एक जण ओट्यावरच ओकला.

तर असा मी वाकलो. आणि वाजत निघालो.

पेठ खदखदली. "दात बघा रे याचे. दोन दाती हाय का चार दाती?" मी काय करावं? मान हलवून ठेका धरला. हसवायची सवय वाईट. मागून कुणीतरी बैल हाकायची माझीच पराणी उचलून मला टोचली. टोकाला लोखंडी आर असते. सदऱ्यावर रक्त आलं. गाडीभर रक्तात माझं काय वेगळं दिसणार.

शाळेच्या कोपऱ्यावर पोरी चिंचा खात उभ्या होत्या. घंटी ऐकली. सगळ्यांनी नाकं दाबली, भिंतीकडं तोंडं केली. त्यात माझी लेक होती. मंग सगळे एवढे हसतात कशाला म्हणून तिनं मान वळवली. मला पाहिलं. गळा पाहिला. नाकावरचा हात काढला न्हाई. मैत्रिणी बघत होत्या. तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

जन्मभर थापा मारल्या मी. तिथं एक सुचली न्हाई.

बापानं मार खाऊन जे सोडलं, ते मी पगार घेऊन गळ्यात बांधून घेतलं होतं.

सुतळी तोडली. छकडा फिरवला. थेट मालकांच्या ओट्याला नेऊन लावला.

"ए, काय करून राह्यला?" मालक उठले.

"सोडून राह्यलो," म्हणालो. बैल माझा होता, गाडी नगरपालिकेची. बैल सुटला तसा छकडा पुढं कलला आणि सगळा माल पायरीपर्यंत घसरत गेला. खाकी सदरा काढला, चड्डी काढली, दोन्ही त्या आतड्यांवर ठेवलं. लंगोटीवर घरी आलो. या वेळी कुणी हसलं न्हाई.

दुपारभर ते उन्हात फुगलं. पाहुणे मागच्या दारानं गेले. गड्यानं हात लावला न्हाई, त्याची जात आडवी आली. मालकांनी आमच्या वस्तीत घरोघर माणूस पाठवला. वस्तीत त्या दिवशी सगळ्यांचीच पाठ दुखत होती.

दिवस कलला तसे मालक स्वतः आले. "अरे, मस्करी केली तर एवढं मनावर घेतं का कुणी?"

मी बैलापुढं वैरण टाकत राह्यलो. मालकांचा आवाज बदलला.

"उद्यापासून नोकरी न्हाई तुला. पोरीला शाळेत कोण ठिवतं तेही बघतो."

लेक दारात उभी होती. ती आत गेली न्हाई.

"नोकरी मीच सोडली," मी म्हणालो. "पोरगी शाळेत येणार. उद्या बी, परवा बी. तुम्ही दार लावा, आम्ही दारात बसतो."

मालक माझ्या बायकोकडं वळले. बाईमाणूस ऐकेल म्हणून. "बाई, तू तरी सांग याला. सगळं तसंच पडून हाय तिथं. उचलायचं कोणी?"

ती भाकरी थापत होती. वर बघितलं न्हाई.

"दार तुमचं हाय," म्हणाली. "तुम्ही उचला."