मेलबर्नचा खेळाडू

मेलबर्न म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? क्रिकेटच ना? मग माझ्या फजितीला हसताना जरा हात राखून हसा.

आम्ही मलिंगार या आयरिश गावात राहतो. शेजारी डेक्लन, साठीकडे झुकलेला, आडदांड, एका पायानं किंचित लंगडणारा. एकदा कुंपणापाशी म्हणाला, तरुणपणी मेलबर्नला खेळायचो, मोठ्या मैदानावर, तुडुंब गर्दीसमोर. झालं! पुढं काही विचारायची मला गरजच वाटली नाही.

तेव्हा सोलापूरहून बाबा आले होते. पहाटे उठून ऑस्ट्रेलियातली कॉमेंट्री ऐकत त्यांचं तारुण्य गेलेलं. ते डेक्लनला थेट ‘साहेब’ म्हणायला लागले. रविवारी टॅला गावच्या मराठी पोरांशी आमच्या मंडळाची क्रिकेट मॅच होती. येतोस का विचारलं, तर तो म्हणाला, “ग्रँड.” म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल की’. मी मंडळभर दवंडी पिटली.

बॅटिंगला आला तो हॉकीची काठी धरल्यासारखी बॅट धरून. पहिल्याच चेंडूला दांडी गुल. मी सगळ्यांना समजावलं, अरे, तो बोलर आहे.

मग आमची फील्डिंग. एक चेंडू उंच उडाला. मी ‘माझा, माझा’ करत खाली उभा. एवढ्यात पाठीत गुडघा बसला, खांद्यावर पाय पडला आणि डेक्लन माझ्या अंगावरून आभाळात गेला. झेल त्याच्या हातात, मी गवतात पालथा.

“हे कुठलं क्रिकेट?” मी कण्हत विचारलं.

“क्रिकेट मी कधीच खेळलो नाही. मी तिथल्या फुटबॉलमधला, त्यात चेंडू हातानंही धरतात. आमच्यात असाच झेल घेतात.”

“मग आलास कशाला?”

“तू मॅच म्हणालास,” तो म्हणाला. “किती वर्षांत मला कुणी खेळायला बोलावलं नव्हतं.”

चहा पिताना बाबांनी खोदून खोदून विचारलं, डेक्लन सांगेल ते मी मराठीत सांगत गेलो. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडलेलं, तो लंबगोल चेंडू, फोनवर रडणारी आई, गुडघा कायमचा गेला आणि तो घरी परतला. बाबा त्याचा हात धरून बसले होते.

कुणीतरी त्या झेलाचा फोटो काढला होता. डेक्लननं तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. फोटोत तो आभाळात, खाली माझं टक्कल. पाहुण्यांनी विचारलं की तो अभिमानानं सांगतो, “हा आमचा शेजारी. याला क्रिकेटमधलं सगळं कळतं.”