सरासरीने नांदणारी वस्ती

समजा, ते मशीन तुमच्या हातात आहे. काळं, वीटभर आकाराचं, कोपऱ्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेलं. एका दारापाशी जायचं, मीटरच्या पेटीवरची धूळ अंगठ्याने पुसायची, आकडा वाचायचा, मशीनमध्ये टाकायचा आणि पुढच्या दाराकडे निघायचं. दार बंद असेल, पेटीपर्यंत पोहोचता आलं नाही, तर 'कुलूप' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की मशीन मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून आकडा स्वतःच भरतं, आणि पुढच्या महिन्यासाठी तोच आकडा 'मागील रीडिंग' होऊन बसतो. कुत्रा भुंकला तरी कुलूप, पायऱ्या जास्त असल्या तरी कुलूप. प्रत्येक मीटर रीडर कधी ना कधी ते दाबतोच.

तो मात्र एकवीस वर्षं ते बटण टाळत आला होता. म्हणून वीज कार्यालयात त्याचं नाव 'बिनचूक' पडलं. बायको म्हणायची, "लोकांच्या भिंतीवरचे आकडे पाठ, आणि स्वतःच्या कपाळावर ढकललेला चष्मा सापडत नाही."

त्याच्या फेरीचं शेवटचं टोक म्हणजे डोंगरावरची वरची वस्ती. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस मीटर. त्यातला सतरावा त्याच्या थोरल्या बहिणीचा. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, आकडेही तिनेच शिकवले. तो पेटीसमोर वाकला की ती आतून ओरडायची, "किती आला रे? कमी लिही! भाऊ असून काय उपयोग तुझा?" आणि दाजी म्हणायचे, "त्याला लाच दे, चहा दे." मग चहा यायचा. आकडा मात्र होता तोच लिहिला जायचा.

पुढे सरकारने डोंगराळ भागासाठी वेगळा विकास निधी काढला. त्यातून वस्तीकडे रुंद रस्ता झाला, खांबांवर दिवे लागले, आणि त्याच निधीतून रक्षक दलही आलं. पोलीस नव्हेत, सैन्यही नव्हे. अंगावर गणवेश होता, पण छातीवर नावाची पट्टी नव्हती. नवा रस्ता आपल्या शेतांतून का नेला, हे विचारायला वस्तीतली माणसं दोनदा खाली कचेरीत येऊन गेली. तिसऱ्या वेळी त्यांना यावं लागलं नाही. एका दुपारी वरून अर्धा तास फटाक्यांसारखा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आडवा बांबू आणि शेजारी एक टपरी उभी होती. ताईचा फोन तेव्हापासून लागेना.

टपरीत एक जाडा रक्षक बसायचा. मोठा बोलका माणूस. बिनचूकला त्याने स्वतःची खुर्ची दिली.

"वर माझी बहीण आहे," बिनचूक म्हणाला.

"मग काय काळजी? मजेत आहेत सगळे. टॉवर पडलाय, म्हणून फोन लागत नाही."

"रीडिंग घ्यायचंय."

"एवढं चढून कशाला गुडघे झिजवता? सरासरी टाका ना."

सरासरी टाकता येते हे या माणसाला कसं माहीत, हे तेव्हाच मनात आलं होतं, असं बिनचूक आता सांगतो. पण जाड्याच्या मांडीवर बंदूक होती आणि तो हसत होता. बिनचूकने त्याच्या खुर्चीत बसून एक्केचाळीस वेळा कुलूप दाबलं. ताईच्या घराशी बोट थांबलं आणि मग तेही दाबलं. जाडा म्हणतो तेच खरं असेल, असं त्याने ठरवून टाकलं. वर जाऊन बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

असे अकरा महिने गेले. घरी बायको विचारायची, "ताई भेटल्या का?" तो म्हणायचा, "फेरीत गडबड असते." लागोपाठ तीन कुलपं आली तर कार्यालयाने चौकशी करावी असा नियम आहे. पण वरच्या वस्तीची सगळी बिलं वेळच्या वेळी भरली जात होती, एकत्र, विकास निधीतून. ज्या गावाची बाकी नाही त्याची चौकशी कोण करतो?

मग एका आमदार बाईंनी सभागृहात प्रश्न विचारला. वरच्या वस्तीतली माणसं रक्षक दलाने हुसकावली की मारली, आणि वस्तीच्या नावावरचा निधी कोणासाठी खर्च होतो? मंत्र्यांचं उत्तर बिनचूकने कार्यालयातल्या टीव्हीवर ऐकलं.

"वस्तीत एक्केचाळीस कुटुंबं राहतात. त्यांचा वीजवापर गेले अकरा महिने नियमित आहे. मेलेली माणसं दिवे लावत नाहीत."

सभागृह हसलं. कार्यालयातही दोघं हसले. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "काय बिनचूक, तुझे आकडे गाजले की!"

त्यातला एकही आकडा त्याने पाहिलेला नव्हता.

बाईंनी मीटरचे फोटो मागितले आणि वरून हुकूम आला की प्रत्यक्ष रीडिंग घ्या. बिनचूक सकाळीच टपरीपाशी पोहोचला. जाड्याने बांबू उचलला.

"फोन आलाय मला. एक तास. फोटो फक्त मीटरचे. आणि चाव्या मागू नका, माझ्याकडे नाहीत."

चाव्या? कसल्या, ते वर गेल्यावर कळलं. रस्ता आरशासारखा गुळगुळीत होता आणि त्यावर एकही चाकाचा डाग नव्हता. खांबांवरचे दिवे उन्हातसुद्धा जळत होते. एक्केचाळीस दारांना एक्केचाळीस कुलपं होती, सगळी नवी, एकाच मापाची. कुठे कपड्यांची दोरी नव्हती, की कोंबडीची विष्ठा नव्हती. एका ओट्यावर फक्त लहान मुलांच्या चपला ओळीने मांडून ठेवल्या होत्या. दोन-दोन करून ठेवलेल्या, पण सगळ्या डाव्या पायाच्या. ते काय होतं, याचा विचार त्याने तेव्हा केला नाही. त्याने पेट्या उघडायला सुरुवात केली.

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वाहिली की तो लुकलुकतो. बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. पहिल्या मीटरवर तो लुकलुकत नव्हता. आकडा अकरा महिन्यांपूर्वी होता तोच. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, दहावा, सोळावा.

सतराव्यावर आकडा दोनशे बारांनी पुढे गेलेला होता.

तो दिव्याकडे बघत उभा राहिला. लुकलुक. त्याने घड्याळ धरलं. चाळिसाव्या सेकंदाला पुन्हा लुकलुक. पुढच्या चाळिसाव्याला पुन्हा. त्याच्या डोक्याने सवयीने हिशोब केला, तासाला नव्वद, म्हणजे अठ्ठावीस वॅट. एक ट्यूब. आत एक ट्यूब चालू होती. खिडक्यांना आतून पत्रे ठोकलेले होते आणि दाराला बाहेरून कुलूप.

त्याने दारावर बोटं टेकवली. हाक मारायला तो दाराशी वाकला. मग त्याच्या तोंडून एकवीस वर्षं जे निघत आलं होतं तेच निघालं.

"ताई, रीडिंग. दोनशे बारा आलंय."

आतून कोणी ओरडलं नाही. कमी लिही, म्हणालं नाही. तो पुन्हा मीटरकडे वळला. चाळीस सेकंद झाली. ऐंशी झाली. पाच मिनिटं तो लाल ठिपक्यावर डोळे लावून उभा होता. दिवा पुन्हा लुकलुकला नाही.

कुणीतरी आतून बटण बंद केलं होतं.

खालून शिट्टी वाजली. तास संपला होता. उरलेल्या चोवीस पेट्या त्याने जवळजवळ पळतच उघडल्या. सगळ्या थिजलेल्या.

कार्यालयात त्याने खरे आकडे टाकायला घेतले, तर मशीनने एकही घेतला नाही. 'मागील रीडिंगपेक्षा कमी. अमान्य.' सरासरीने अकरा महिने फुगवलेला आकडा पुढे निघून गेला होता आणि खरा मागे राहिला होता. ताईचासुद्धा.

"कुलूप दाब आणि मोकळा हो," साहेब म्हणाले. "नोकरी नऊ वर्षं उरलीय तुझी."

त्या संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका कोऱ्या कागदावर एक्केचाळीस ओळी हाताने लिहिल्या. शेवटी आणखी एक ओळ लिहिली, 'याआधीचे अकरा महिने मी वर गेलेलो नाही,' आणि खाली सही केली. बायकोने कागद वाचला.

"हे दिलंत तर काढतील तुम्हाला."

"हो."

"ताईंना माहीत होतं का, तुम्ही खाली टपरीपर्यंत येऊन परत जाता ते?"

त्याने पेनाला टोपण लावलं. तिने कागदाची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

आमदार बाईंनी तो कागद सभागृहात वाचून दाखवला. मंत्री म्हणाले, या आकड्यांची मशीनमध्ये नोंद नाही, माहिती मागवून पटलावर ठेवण्यात येईल. बिनचूक निलंबित झाला. आठ दिवसांनी चौकशीची गाडी वर गेली, तेव्हा एक्केचाळीस दारं सताड उघडी होती आणि आत झाडून घेतलेली जमीन होती. सतराव्या घरात ट्यूब होती. ती काढून आणली, पुरावा म्हणून.

आता तो घरीच असतो. दाराशेजारच्या स्वतःच्या मीटरसमोर स्टूल टाकून बसतो आणि बायकोला सांगतो, आतला दिवा घालव, आता लाव. लाल ठिपका थांबतो, पुन्हा चालू होतो. ती न कंटाळता करते. त्याला एवढंच बघायचं असतं की बटणाशी कोण आहे हे बाहेरून ओळखता येतं का. कारण एक प्रश्न तो भेटेल त्याला विचारतो, आमदार बाईंनाही त्याने तोच विचारला होता. माझा आवाज ऐकून तो दिवा ताईने घालवला, की तिच्याशेजारी बसलेल्या कोणी?