सीगलची गच्ची

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. बेटावरच्या दवाखान्याच्या चादरी हिच्याइतक्या पांढऱ्या कुणी काढून दाखवाव्यात, मिशी उतरवून देईन. मी चार बुकं शिकलो, ती तेवढीही नाही; पण आमच्या घरात अंगचोर कुणी निपजलं नाही.

सकाळपासून ती मशीनपाशी उभी. मग ओल्या चादरींचा गठ्ठा खांद्यावर टाकून गच्चीवर. खांदा कधीचाच कामातून गेलेला. बेटावर कावळे, पारवे, बगळे रग्गड. त्यांचा त्रास नव्हता. पण यंदा सीगलनी कठड्यालगत घरटी केली आणि वाळत घातलेली प्रत्येक चादर रंगवायला घेतली. धुतलेलं पुन्हा धुवायचं. संध्याकाळी घरी आली की चपलांसकट भिंतीला टेकायची. जेव म्हटलं तर म्हणायची, "दादा, माझा घासही तूच चाव."

एका दुपारी दवाखान्याच्या मुकादमानं ऐकवलं, "बाई, ती घरटी मोडा, नाहीतर काम सोडा."

"नाही मोडणार. घर मोडलं की काय होतं ते मला विचारा."

नवऱ्यानं टाकलेली ती. मुकादमानं मान खाली घातली, हुकूम मात्र मागे घेतला नाही.

मला कळलं तसा मी काठी घेऊन गच्चीवर. चुटकीसरशी होणारं काम! वरून एकच सीगल आला आणि माझी टोपी उडवून गेला. मी हरलो म्हणू नका, वारा फार होता.

"उतर आता," ती दमलेलं हसली. "नाहीतर तुलाही धुवायला टाकावं लागेल." मग गडबड ऐकून वर आलेल्या मुकादमाकडे वळली. "पिल्लं उडेपर्यंत पलीकडच्या इमारतीवर वाळवते."

"चार मजले? या खांद्यानं?"

"डाग दिसला तर काढून टाका मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज म्हणून गेलो. पलीकडच्या जिन्यात, अर्ध्या वाटेवर, ती मांडीवर गठ्ठा घेऊन डोळे मिटून बसली होती. मी गठ्ठा उचलला. एक मजला चढलो आणि मीही मटकन बसलो.

"जड आहे का रे, दादा?" खालून आवाज आला.

"छट्! कापूस आहे."

"मग ऊठ की."

"उठतो. तू आधी ये, बस जरा."

ती आली, बसली. वर गच्चीत दोऱ्या रिकाम्याच होत्या.