जोडीने लागणारे दिवे

परवा लातूरच्या एका सभागृहात जुना हॅलोजन लागला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला नांदेडचं आमचं नाटक आठवलं.

कुणीतरी अमेरिकेहून दोन दिवे पाठवले होते, एकशे दहा व्होल्टचे. आपल्या दोनशे तीसवर ते क्षणात जळाले असते. वायरमन सलीमभाईंनी दोन्ही एकामागे एक जोडले, म्हणजे दाब निम्मा निम्मा वाटला गेला. एक दिवा रंगमंचावर, दुसरा भाषणाच्या माईकवर.

सभागृह सहापर्यंतच मिळालं होतं. पाच वाजले तरी कार्यक्रमाचे अध्यक्ष भाषणातून समाजाचं ऋण फेडतच होते. आम्ही मिशा चिकटवून विंगेत घामेजलेले.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "तो मागचा दिवा काढा. लोकांचं लक्ष तिकडं जातंय."

"साहेब, त्यो काढला की तुमचा बी जातोय," सलीमभाई म्हणाले.

"मला शिकवू नका!"

"हाव साहेब."

दोन्ही विझले. भाषण संपलं असं समजून लोकांनी अंधारात टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्षांनीही नाइलाजाने नमस्कार केला. सलीमभाईंनी दिवा परत जोडला आणि सहाच्या आत नाटक पूर्ण झालं.

दिव्याचं तोंड नुसतं भिंतीकडे वळवलं असतं तरी भागलं असतं, हे मला आज सुचलं. सलीमभाईंना ते तेव्हाच ठाऊक असणार.